माफ करायचे नसेल तर?

रमजानचे दिवस तीन अशऱ्यांत, म्हणजे दहा-दहा दिवसांच्या तीन भागांत वाटले जातात. पहिला अशरा रहमतचा, म्हणजे कृपेचा. दुसरा मगफिरतचा, म्हणजे क्षमेचा. तिसरा नरकाग्नीपासून सुटकेचा. सध्या दुसरा अशरा सुरू आहे. शहापूर असो की मुरबाड, तरावीहच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर जी बोलणी होतात, त्यांत 'माफी' हा शब्द हमखास येतो. मोबाइलवर तर तो शब-ए-बरातपासूनच फिरत असतो. 'कळत-नकळत मन दुखावले असेल तर माफ करा,' असा एक संदेश तीनशे जणांना एकाच वेळी जातो. ज्या एकाचे मन खरोखर दुखावलेले असते, त्याचा नंबर मात्र अनेकदा त्या यादीत नसतो.

ही सवय एकाच समाजाची नाही. जैन बांधव संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतात. संक्रांतीला तिळगूळ देऊन गोड बोलायला सांगितले जाते. ख्रिस्ती बांधवांच्या रोजच्या प्रार्थनेतही क्षमेची मागणी असते. माणसे एकत्र राहतात तिथे एकमेकांना लागतेच, म्हणून प्रत्येक धर्माने माफीसाठी एखादा दिवस राखून ठेवला. अडचण वेगळीच आहे. ज्याने दुखावले त्याला त्या दिवशी काही करावे लागत नाही, आणि ज्याला दुखावले गेले त्याच्यावर मात्र मोठ्या मनाचे ओझे टाकले जाते.

एक घर, एक सही

शहापूर तालुक्यातले एक घर डोळ्यांसमोर आणावे. नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातील आमणेपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग या तालुक्यातून जातो. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. रस्ता येण्याआधी मोजणी आली, मोजणीनंतर मोबदला आला आणि ज्या वरकस जमिनीकडे वर्षानुवर्षे कोणी ढुंकून पाहिले नव्हते, तिच्या सातबाऱ्यावरची नावे एकाएकी महत्त्वाची झाली. कल्याण-मुरबाड-माळशेज रस्त्याच्या कडेलाही प्लॉट आणि फार्महाऊसच्या पाट्या लागल्या, तेव्हा असेच घडले.

अशा वेळी सासरी गेलेल्या बहिणीला निरोप जातो. 'आपा, एक सही हवी आहे. कागद फक्त कामापुरता आहे.' ती येते, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्रावर सही करते, माहेरचा चहा पिऊन परत जाते. पुढे रक्कम भावांच्या खात्यात जमा होते. आपण काय लिहून दिले, हे तिला कळते तेव्हा वर्ष उलटून गेलेले असते. बोलणे थांबते, येणे-जाणे थांबते. मग रमजान येतो. आई म्हणते, 'ईदला सगळे एका दस्तरखानावर हवेत.' मामू म्हणतात, 'झाले गेले विसर. रोज्याच्या महिन्यात मनात मैल ठेवू नये.' भाऊ गप्प असतो. त्याला कोणी काही विचारत नाही.

दस्तरखानाऐवजी भाऊबीजेचे ताट ठेवले, तर हीच गोष्ट शेजारच्या हिंदू घरातही घडते. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. मुलीचा वाटा कुराणाने तर चौदाशे वर्षांपूर्वीच ठरवून दिला आहे. मात्र दोन्हीकडे बहिणीने 'माहेर टिकावे' म्हणून हक्क सोडायचा आणि वर मनही साफ ठेवायचे, अशी अपेक्षा असते. जमीन तिने सोडलेली असते. आता राग सोडण्याचीही सक्ती होते.

त्या बहिणीला रात्री झोप येत नाही. सहरीला उठल्यावर तोच विचार, नमाजला उभे राहिल्यावर तोच विचार. 'माझ्या मनात इतका राग आहे, तर माझा रोजा कबूल होईल का?' हा तिचा प्रश्न असतो. म्हणजे अन्यायही तिच्यावर झाला आणि अपराधी वाटण्याची पाळीही तिच्यावरच आली.

धर्म काय मागतो

इथे इस्लामी शिकवणीतला एक भेद नीट समजून घ्यायला हवा. हुकूकुल्लाह म्हणजे अल्लाहचे हक्क आणि हुकूकुल इबाद म्हणजे माणसांचे हक्क. नमाज चुकली, रोजा राहिला, तर माणूस थेट अल्लाहकडे तौबा करू शकतो. माणसाचा हक्क बुडवला असेल तर केवळ अल्लाहकडे माफी मागून भागत नाही. ज्याचे घेतले त्याला ते परत द्यावे लागते किंवा त्याच्याकडून खुशीने माफी मिळवावी लागते. तेव्हा रमजानमध्ये पहिले पाऊल कोणी उचलायचे, या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. ते भावाने उचलायचे आहे.

कुराणात माफ करणाऱ्याची थोरवी सांगितली आहेच. पण ती सांगताना अन्यायाइतकी भरपाई मागण्याचा हक्क आधी मान्य केला आहे आणि माफीला त्याहून वरची पायरी म्हटले आहे. खालची पायरी काढून घेऊन कोणाला वरच्या पायरीवर चढायला सांगता येत नाही.

दोन प्रसंग पाहू. हजरत आयशा यांच्यावर खोटा आळ घेतला गेला, तेव्हा तो पसरवणाऱ्यांत मिस्तह हा त्यांचे वडील हजरत अबू बकर यांचा गरीब नातेवाईकही होता. त्याचा खर्च अबू बकरच चालवीत. आळ खोटा ठरल्यावर त्यांनी ही मदत थांबवण्याची शपथ घेतली. तेव्हा क्षमेकडे वळवणारी आयत आली, ती सूरह नूरमध्ये आहे, आणि त्यांनी मदत पुन्हा सुरू केली. हा भाग प्रवचनांत नेहमी सांगितला जातो. त्याच मिस्तहला खोटा आळ घेतल्याची शिक्षाही झाली, असे परंपरा सांगते. हा भाग कमी सांगितला जातो. क्षमा आणि न्याय तिथे हातात हात घालून आले होते.

दुसरा प्रसंग वहशीचा. इसवी सन ६२५ मधील उहुदच्या लढाईत त्याने भाला फेकून प्रेषितांचे लाडके काका हजरत हमजा यांचा जीव घेतला. पुढे मक्का जिंकली गेल्यावर हाच वहशी इस्लाम स्वीकारायला समोर आला. त्याच्यावर सूड उगवला गेला नाही, त्याला समाजात घेतले गेले. मात्र शक्य असेल तर त्याने आपल्या नजरेसमोर येणे टाळावे, एवढी इच्छा प्रेषितांनी व्यक्त केली. बुखारींच्या हदीससंग्रहात ही घटना नोंदलेली आहे. ज्यांना क्षमेचा आदर्श मानले जाते, त्यांनीही माफ केल्यानंतर समोरासमोर बसण्याची सक्ती स्वतःवर करून घेतली नाही. मग शहापूरच्या बहिणीला ईदच्याच दिवशी भावाच्या शेजारी बसवण्याची घाई कशाला?

बोलायचे कोणाशी

हे सगळे त्या बहिणीने बोलायचे कोणाशी? आईशी बोलली तर आई रडते. नवऱ्याशी बोलली तर तो कोर्टात जा म्हणतो. मौलानांकडे जावे तर ते भावाच्या रोजच्या ओळखीचे. गावातली जाणती माणसे समेट चांगला घडवून आणतात, त्यांनी कितीतरी घरे तुटता तुटता वाचवली आहेत. पण समेट घडवणाऱ्याला निकाल लवकर हवा असतो आणि दोन्ही बाजू त्याच्या ओळखीच्या असतात. मनातले सगळे ऐकून घेणारा, कोणत्याच बाजूचा नसलेला आणि ऐकलेले बाहेर न सांगणारा माणूस वेगळा असावा लागतो. त्यालाच समुपदेशक किंवा थेरपिस्ट म्हणतात.

ग्रामीण ठाण्यात असा माणूस सहजी भेटत नाही. जिल्ह्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून ठाण्यात आहे. पण त्याच्या नावाचीच भीती मोठी, आणि मनाची जखम घेऊन फिरणाऱ्या शहाण्या माणसाला तिथे जाण्याची गरजही नसते. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये उभी केलेली 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहे. पण डोळखांबच्या बाईला आधी आसनगाव गाठून मग लोकल पकडावी लागते. मुरबाडला रेल्वेच नाही. एसटीने कल्याण आणि तिथून पुढे गाडी. दर आठवड्याला दिवस मोडून, घरी कारण सांगून, भाडे खर्चून हे कोण करणार? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले आणि बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. विकार नसलेल्या, पण मनाने होरपळलेल्या माणसांची तर त्यात मोजदादही नाही.

म्हणूनच फोनवरची मदत या दोन तालुक्यांसाठी गरजेची आहे, ती शहरी चोचला नव्हे. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, पैसे न लागता, मराठीसह वीस भाषांत बोलता येते. आधी समुपदेशक ऐकून घेतो आणि गरज असेल तर पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतो. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही सेवा २०१२ पासून फोन आणि ई-मेलवर समुपदेशन करत आली आहे. पैसे मोजून व्हिडिओ कॉलवर भेटणारे खासगी थेरपिस्टही आता पुष्कळ आहेत. मुरबाड तालुक्यातले धसई डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातले पहिले 'कॅशलेस' गाव म्हणून गाजले होते. गावात फोनवरून पैसे जाऊ शकतात, तर दुःखही जाऊ शकते.

माफीचे काम कसे चालते

थेरपिस्ट म्हणजे गोड बोलून माफ करायला लावणारा माणूस, असा समज असेल तर तो काढून टाकावा. क्षमेवर मानसशास्त्रात गेली चार दशके गंभीर काम झाले आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातले रॉबर्ट एनराइट हे त्यातले एक अग्रणी नाव. त्यांच्या पद्धतीची सुरुवात माफीने होत नाही. सुरुवात होते ती झालेला अन्याय हा अन्यायच होता आणि त्याचा राग येणे रास्त आहे, हे मान्य करण्याने. सुझन फ्रीडमन यांच्यासह त्यांनी १९९६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणी घरातल्याच माणसाकडून लैंगिक अत्याचार सोसलेल्या बारा स्त्रियांबरोबर हे काम झाले होते. दर आठवड्याला एक बैठक याप्रमाणे त्याला सरासरी चौदा महिने लागले. त्या स्त्रियांची चिंता आणि नैराश्य उतरले. चौदा महिने, हा आकडा 'रमजान आहे, माफ कर' म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावा.

दुसरे नाव एव्हरेट वर्थिंग्टन यांचे. क्षमेचा अभ्यास करणाऱ्या या माणसाच्या घरावरच १९९६ च्या नववर्षाच्या तोंडावर आघात झाला. चोरीसाठी घुसलेल्याने त्यांच्या वृद्ध आईचा खून केला. आपली पद्धत त्यांना स्वतःवरच वापरून पाहावी लागली. तिच्यावर आधारलेल्या, सुमारे तीन तासांत स्वतःच सोडवायच्या एका पुस्तिकेची चाचणी कोलंबिया, हाँगकाँग, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका आणि युक्रेन येथील ४,५९८ लोकांवर झाली. तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ती सोडवणाऱ्यांच्या मनातला आकस आणि त्यासोबत चिंता व नैराश्यही कमी झाल्याचे दिसले. म्हणजे काही जखमांना थोडी मदत पुरते, काहींना वर्ष लागते. आपली जखम कोणती, हे जखम झालेल्यानेच सांगायचे असते.

या अभ्यासकांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आहे. माफ करणे म्हणजे विसरणे नव्हे, घडले ते योग्य होते असे म्हणणे नव्हे, पुन्हा पूर्वीसारखे नाते जोडणे नव्हे आणि आपला हक्क सोडणेही नव्हे. शहापूरची बहीण भावाबद्दलचा जळफळाट मनातून काढून टाकू शकते आणि त्याच आठवड्यात वकिलाकडेही जाऊ शकते. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा असतो. मनाचे काम थेरपिस्टकडे, कागदाचे काम वकिलाकडे. एकाच्या नावाखाली दुसरे गुंडाळून ठेवू नये.

एक प्रश्न विचारून पाहावा

ऑनलाइन थेरपिस्ट शोधताना फसगतही होते. मोबाइलवर 'एका फोनमध्ये घरचे भांडण मिटवा' म्हणणाऱ्या जाहिराती वशीकरणवाल्यांच्याही असतात. म्हणून आधी शिक्षण विचारावे. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, तो औषध देऊ शकतो आणि त्याची वैद्यकीय परिषदेकडे नोंद असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशक म्हणवणाऱ्याने मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण कुठे घेतले, हे विचारण्यात संकोच नको. फी किती, बैठक किती वेळाची, मराठी किंवा उर्दूत बोलता येईल का, हेही आधीच ठरवावे. राग माणसाला मातृभाषेतच येतो आणि तो तिच्यातच नीट सांगता येतो. गुप्ततेबद्दलही विचारावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार घेणाऱ्याला तो हक्क दिला आहे.

आणि पहिल्याच बैठकीत एक प्रश्न जरूर विचारावा. 'मला माफ करायचे नसेल तर?'

'असे कसे, माफ तर करायलाच हवे,' असे उत्तर आले तर दुसरा माणूस शोधावा. 'कशाला माफ करायचे, तोडून टाका सगळे,' असे उत्तर आले तरी दुसरा शोधावा. 'ते तुम्ही ठरवाल. आधी काय झाले ते सांगा,' असे म्हणणाऱ्याशी पुढे बोलावे. मारहाण किंवा धमकी सुरू असेल, तर क्षमेचा विषय बाजूला ठेवून १८१ या महिला मदतवाहिनीवर फोन करावा. जो अत्याचार अजून थांबलेला नाही, त्याची माफी मागणारा माणूस हितचिंतक नसतो. आणि जगणेच नकोसे वाटू लागले, तर पुढच्या बैठकीची वाट न पाहता त्याच क्षणी १४४१६ लावावा.

यावर आक्षेप येतील. 'नमाज आहे, दुआ आहे, परक्याला घरचे का सांगायचे?' दुआ आहेच. पण ताप आल्यावर दुआ करणारा माणूस डॉक्टरकडेही जातो, आणि उपचार घ्या ही शिकवण प्रेषितांचीच आहे. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. घरात फोन एक, खोल्या दोन, माणसे सात. बाई बोलणार कुठे? डोंगरकपारीच्या पाड्यांत रेंजसाठी टेकाड चढावे लागते. ऑनलाइन सेवा अडते ती इथे, आणि ही अडचण गावाला सोडवता येण्याजोगी आहे. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय, तालुक्यातली महाविद्यालये, वाचनालये, मशिदींचे ट्रस्ट आणि गणेश मंडळे यांनी दार बंद होणारी एक खोली, एक खुर्ची आणि चालणारे इंटरनेट आठवड्यातून काही तास दिले तरी पुष्कळ होईल. या दोन तालुक्यांत इफ्तारच्या दावतीला सगळ्या धर्मांचे लोक आवर्जून येतात. तशीच ही खोली सगळ्यांची असावी.

ईदची नमाज झाली की माणसे तीन वेळा गळाभेट घेतात. त्या दिवशी बहीण माहेरी येईल किंवा येणार नाही. आली नाही तर तिचा रोजा वाया गेला, असे कोणी म्हणू नये. तिला वेळ लागेल, कदाचित फोनवर कोणा अनोळखी माणसाशी बोलत बोलत ती तिथवर पोहोचेल, कदाचित पोहोचणारही नाही. भावाला मात्र कोणत्याही थेरपिस्टची वाट पाहण्याचे कारण नाही. बहिणीचे घर त्याला ठाऊक आहे, तिचा वाटा किती होता हेही ठाऊक आहे. महिना संपायला अजून दिवस आहेत.